जुन्या ट्रॅक्टरला डिझेल पोचत नाही? पंपाला पाना लावायच्या आधी हे सगळं टाकीपासून तपासा

दसरा झाला की आपल्याकडं उसाच्या फडात कोयते पडायला लागतात आणि पावसाळाभर गोठ्याशेजारी उभा राहिलेला ट्रॅक्टर बाहेर निघतो. पहिल्याच खेपेला भरल्या ट्रॉलीसकट तो चढावर दम टाकतो, मग दिसेल तो नट ढिला करायचा, दिवसभर सेल्फ मारून बॅटरी उतरवायची आणि शेवटी पंप खोलून कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्तीला न्यायचा, हे दरवर्षी बघतोय. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतच तिघांनी हेच केलं म्हणून सविस्तर लिहितोय. पंप हा सगळ्यात शेवटी बघायचा भाग आहे, कारण बहुतेक वेळा दोष पंपाच्या आधीच असतो, टाकीच्या झाकणापासून फिल्टरच्या वायसरपर्यंत कुठंतरी.

डिझेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपण चालायचं. टाकी, कॉक, पाणी-गाळ बसायची काचेची वाटी, फीड पंप (टाकीतलं डिझेल ओढून पुढं फिल्टरकडं ढकलणारा छोटा पंप), पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मेन पंप (नोझलला दाबानं डिझेल देणारा, नुसतं पंप म्हणतो तो बहुतेक हाच), नोझलचे पाईप, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारं) आणि शेवटी ओव्हरफ्लोची, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी नळी. मधला टप्पा गाळून पुढं उडी मारायची नाही, फक्त मेन पंप खोलायचा तो नोझल बघून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि एका वेळेला एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गाडी चालू झाली तरी नेमकं कशानं झाली ते कळत नाही आणि चार दिवसांनी परत तेच.

आधी लक्षण नीट बघा

पाना हातात घ्यायच्या आधी एक माणूस सेल्फवर बसवा आणि तुम्ही सायलेन्सरकडं बघा.

सेल्फ मारताना अजिबात धूर येत नसेल तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही, हा लेख तुमच्यासाठी आहे. पांढरा धूर येतोय पण इंजिन धरत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही, तेव्हा आधी बॅटरी, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन आणि डिझेलात पाणी आहे का ते बघा. निळा धूर ऑइलचा, त्याचा इथं संबंध नाही.

लोडवर ताकद कमी पडते तेव्हा धुराचा रंग फार महत्त्वाचा. लोडवर काळा धूर मारत दम टाकत असेल तर डिझेल कमी नाही, हवा कमी आहे किंवा नोझल खराब आहे, मग आधी एअर क्लीनर उघडा, उसाच्या पाचटाचा भुगा जाळीत बसलेला असतो. पण धूर न मारता नुसताच मरत असेल तर डिझेल कमी पडतंय. हा एवढा फरक ओळखला तरी अर्धं काम वाचतं.

पाच-दहा मिनिटं चांगला चालून बंद पडतो, थोडा वेळ थांबलं की परत चालू होतो, असं असेल तर टाकीचं झाकण किंवा टाकीतला कचरा. रेस एका जागी धरली तरी इंजिन वरखाली होतं तेव्हा बहुतेक कुठंतरी हवा धरलीय.

टप्पा १: तयारी, इथंच लोक घाई करतात

ट्रॉली सोडा, सपाट जागेवर लावा, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड. जवळपास विडी-सिगारेट नको.

सामान आधीच गोळा करून ठेवा: पाने, दोन्ही फिल्टर आणि त्यांच्या रबरी रिंगा, तांब्याचे वायसर दोन-दोन जास्तीचे, स्वच्छ कॅन, एक पांढरी काचेची बाटली, दीड-दोन फूट पारदर्शक नळी (फवारणी पंपाची चालते, पण पाईपवर घट्ट बसली पाहिजे) आणि दोन क्लिपा. पुसायला जुनं सुती धोतर किंवा बनियन घ्या. कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे पाईपात जातात आणि ते धागे काढायला परत सगळं खोलावं लागतं.

मग धुलाई. फिल्टर, फीड पंप, पंपाच्या युनियन (पाईपाचे जोड), नोझलचे नट, सगळं ब्रश आणि थोड्या डिझेलनं घासून स्वच्छ करा. मेन पंपाच्या आत डिझेल दाबणारा प्लंजर किंवा रोटर इतका बारीक बसवलेला असतो की वाळूचा डोळ्याला न दिसणारा कण पण ओरखडा काढतो. घाणेरड्या नटाला पाना लावला की त्याच्यावरची माती थेट आत.

*सावध:* इंजिन गरम असताना पंपावर गार पाण्याचा फवारा मारू नका. वरचं अंग एकदम आकुंचन पावतं आणि आतला रोटर जाम होऊ शकतो.

टप्पा २: पाना न लावता चार गोष्टी

टाकीत डिझेल आहे का, काट्यावर विश्वास ठेवू नका, काडी घालून बघा. कॉक पूर्ण उघडा आहे का. बंद करायचा नॉब पूर्ण आत गेलाय का, हे तर लै महत्त्वाचं, पावसाळ्यात ती केबल गंजते, नॉब आत दिसतो पण पंपावरचा लिव्हर अर्ध्यातच अडकलेला असतो. तिथं जाऊन लिव्हर हातानं हलवून बघा.

चौथी गोष्ट झाकण. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की डिझेल जसं कमी होतं तशी आत पोकळी तयार होते आणि डिझेल खाली यायला तयार होत नाही. गाडी दम टाकायला लागली की झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि गाडी सुधारली तर भोक तारेनं साफ करा, काम संपलं. झाकण हरवलं म्हणून पिशवी आणि सुतळी बांधलेले ट्रॅक्टर पण मी बघितलेत, ते दहा मिनिटांत बंद पडणारच.

टप्पा ३: टाकीपासून फीड पंपापर्यंत

फीड पंपात येणारा पाईप सोडा, खाली स्वच्छ कॅन धरा, कॉक उघडा. टाकी पंपापेक्षा वर असेल तर धार न तुटता आली पाहिजे, आणि एक-दोन लिटर जाईपर्यंत तशीच राहिली पाहिजे. लोक दोन सेकंद धार बघतात आणि म्हणतात डिझेल येतंय की. टाकीतला गंजाचा पापुद्रा सुरुवातीला बाजूला असतो, धार सुरू झाली की हळूहळू ओढला जाऊन तोंडाशी येऊन बसतो. म्हणून लिटरभर जाऊ द्या.

धार बारीक झाली तर झाकण काढून बघा, तरी बारीकच असेल तर टाकीची जाळी किंवा कॉक चोक आहे. पाईप फीड पंपाकडून सुटलेला असताना सायकलच्या पंपानं टाकीच्या दिशेनं उलटी हवा मारता येते, झाकण उघडं ठेवून. पण हे तात्पुरतं, घाण टाकीतच राहते. संध्याकाळपर्यंत परत अडकते. टाकी उतरवून धुवा.

आता तेच डिझेल काचेच्या बाटलीत भरून अर्धा तास ठेवा. पाणी जड असतं, खाली बसतं, मधली रेघ स्वच्छ दिसते. त्या रेघेवर काळसर बुळबुळीत थर दिसला तर टाकीत पाणी बऱ्याच दिवसांपासून आहे आणि त्यात बुरशी वाढलीय, तीच फिल्टर चोक करते. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही. आपल्याकडं गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन टाकीत उतरतं.

*तपासा:* काचेची वाटी धुतल्यावर तिचा वायसर सपाट आहे का बघा. दबलेला, कडक झालेला असेल तर नवीनच टाका. वाटी काचेची आहे, आवळून आवळून गळती थांबवायला गेलात तर तडा जाणार.

टप्पा ४: फीड पंप

फीड पंपावरच्या हँड पंपाचा (हातानं डिझेल चढवायचा) लिव्हर मारताना काहीच जोर लागत नसेल तर लगेच पंप गेला म्हणू नका. आतला कॅम नेमका पंपाला दाबून उभा असेल तर लिव्हर मोकळा हलतो. इंजिन एक फेरा फिरवा आणि परत मारून बघा.

नंतर बाहेर जाणारा पाईप सोडून, नॉब ओढून ठेवून सेल्फ मारा. जोरदार ठोके देत डिझेल आलं पाहिजे. नुसतं पाझरत असेल तर आतले व्हॉल्व्ह किंवा स्प्रिंग गेलेत, डायफ्रॅमवाला असेल तर डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा).

*सावध:* डायफ्रॅमवाल्या पंपात डायफ्रॅम फाटला की डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढा. लेव्हल आपोआप वाढलीय, ऑइल पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, असं असेल तर गाडी त्याच जागेवर बंद ठेवा. डायफ्रॅम बदलून ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय चालू करू नका, नाहीतर बेअरिंग जातील.

टप्पा ५: फिल्टर

कागदी फिल्टर धुवून परत घालू नका. धुताना कागद फाटतो, फाटलेला दिसत नाही, आणि घाण सरळ पंपात. कापडी असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच धुवा. दोन्ही फिल्टर आलटून पालटून टाकू नका, पहिला जाड कचऱ्याला आणि दुसरा बारीक कचऱ्याला असतो.

जुनी रबरी रिंग वरच्या खाचेत चिकटून राहते, तिच्यावरच नवीन बसवली की हवा धरलीच समजा. बोट फिरवून खाच मोकळी झाली का बघा. आणि दुसऱ्या फिल्टरात वरून मधल्या भोकात कॅनमधलं डिझेल ओतून भरायची सवय सोडा, ते न गाळलेलं डिझेल थेट मेन पंपात जातं. रिकामाच बसवा, हँड पंपानं भरा, हात दुखतील पण पंप वाचेल.

फिल्टरचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं. लांब पाना लावून बोल्ट आवळला की आटे निघून येतात. गळत असेल तर वायसर बदला. नवीन वायसर हाताशी नसेल तर जुना तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तो परत मऊ होतो, काळपट थर घासून काढला की बसतो.

टप्पा ६: हवा काढणं, क्रम चुकवू नका

इथं जेवढ्या चुका होतात तेवढ्या बाकी सगळ्यात मिळून होत नसतील. हवा टाकीकडून नोझलकडं ढकलत न्यायची. आधीच नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारत बसलात तर मागची हवा पुढं येतच राहते आणि बॅटरी मात्र उतरते.

१. टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरा, कॉक उघडा.

२. पहिल्या फिल्टरचा हवेचा स्क्रू दोन फेरे ढिला करा, हँड पंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. बुडबुडे बंद झाल्यावर पण दहा-बारा वेळा मारा, आणि डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. पंप मारायचं थांबवून मग आवळला की तेवढ्यात हवा परत आत.

३. दुसऱ्या फिल्टरला अगदी तसंच.

४. मेन पंप. लाईनीत उभे प्लंजर असलेल्या पंपाला बाजूनं स्क्रू असतो. गोल रोटरी पंपाला बहुतेक दोन असतात, खालचा अंगाचा आधी आणि वरचा गव्हर्नरच्या (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) कव्हरचा नंतर. हे स्क्रू लहान असतात, तुटतात, बेतानं आवळा.

५. आता नोझल. नॉब आत, रेस पूर्ण, नोझलच्या बाजूचे (पंपाच्या बाजूचे नव्हे) दोन नट एक-एक फेरा ढिले. सेल्फ मारा, दहा सेकंदांच्या वर नाही, मग मिनिटभर थांबा. नटापाशी फेस न येता डिझेलचे ठोके यायला लागले की आवळा. उरलेल्यांचं तसंच. दोन सिलेंडर धरले की बाकीची हवा इंजिन स्वतः काढतं.

नट बहुतेक १७ किंवा १९ च्या पान्याचा असतो, जुन्या काही गाड्यांना इंची पाना लागतो. चुकीच्या पान्यानं कोपरे घासू नका.

*सावध:* नोझल पाईपला हात लावून गळती शोधू नका. ट्रॉलीच्या टायरात हवा किती किलो असते ते तुम्हाला माहिती आहे, इथं नोझल उघडायला त्याच मापात (चौरस सेंटीमीटरला किलो) साधारण २०० किलोच्या आसपास दाब लागतो, काही इंजिनात त्याहून जास्त. बारीक भोकातनं निघालेली धार कातडीतनं आत घुसते. बाहेरनं टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, फार दुखत पण नाही, म्हणून लोक हळद लावून घरी बसतात आणि नंतर बोट कापायची वेळ येते. असं झालं तर त्याच वेळेला मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबानं आत गेलंय असं स्पष्ट सांगा. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डोळ्याला चष्मा लावा.

स्टार्टिंगचा स्प्रे किंवा एअर क्लीनरमध्ये पेट्रोलचा बोळा, हे दोन्ही करू नका. जुन्या इंजिनात त्यानं रिंगा आणि पिस्टन तुटतात आणि आग लागायची भीती वेगळीच.

टप्पा ७: हवा काढली तरी परत धरते, मग शोधायची कुठं

टाकी आणि फीड पंपाच्या मधल्या ओढीच्या भागात एक फसवी गोष्ट असते, तिथं डिझेल बाहेर गळायची गरज नाही. पंप ओढतो तेव्हा चिरेतनं हवा आत जाते, गाडी बंद असताना सगळं कोरडं. फीड पंपाच्या पुढच्या भागात मात्र दाब असतो, तिथली गळती बाहेर ठिबकते. म्हणून कोरडं आहे आणि तरी हवा धरतेय तर मागच्या बाजूला शोधा.

आमच्या आबांच्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो, कारण पारदर्शक नळीचं महत्त्व मला तिथं कळलं. कागलकडच्या चढावर दोन ट्रॉल्या ऊस भरलेला, रात्रीचे साडेदहा, गाडी बंद. हवा काढली, चालू झाली, दोन किलोमीटरवर परत बंद. दुसऱ्या दिवशी एका मेस्त्रीनं बघता बघता पंपच उतरवला, कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) दिला, आठ दिवस गाडी उभी, ऊसतोडीची टोळी दुसऱ्याच्या फडात निघून गेली. पंप परत बसवला आणि पहिल्याच खेपेला तोच प्रकार. तेव्हा चुलत्यांनी फीड पंपाच्या तोंडाशी पाईपाच्या जागी फूटभर पारदर्शक नळी लावली आणि गाडी चालू करून आम्ही टॉर्च मारून बघत बसलो. मंद रेसवर डिझेल स्वच्छ पिवळं. रेस वाढवली की मोहरीएवढे बुडबुडे एकामागं एक, माळेसारखे. मग टाकीकडं मागं मागं गेलो. मडगार्डखाली पाईप एका पट्टीवर घासत होता. तिथं थेंब नव्हता, पण बोटभर जागेवर धूळ चिकटून काळा पट्टा झाला होता, बाकी पाईप राखाडी कोरडा. पुसलं तर केसासारखी चीर. पाईप बदलला, पट्टीला रबर लावलं, त्यानंतर तो दोष परत आला नाही.

तर तो काळा पट्टा शोधा. डिझेल अगदी नखाएवढं पाझरलं तरी तिथं धूळ धरते. आणि बुडबुडे रेसवर बघा, मंद चालीवर बऱ्याचदा दिसत नाहीत. नळी टाकीपासून पुढं सरकवत न्या, ज्या जोडाच्या आधी स्वच्छ आणि नंतर बुडबुडे, दोष त्या जोडात.

*सावध:* पारदर्शक नळी फक्त टाकी ते मेन पंप एवढ्या भागात, तपासणीपुरती. तशीच ठेवून कामाला जाऊ नका, उन्हानं आणि डिझेलनं ती कडक होऊन तडकते. नोझलच्या लाईनला तर कधीच नाही.

टप्पा ८: नोझल

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखादा सिलेंडर काम करत नसेल तर मंद चालीवर एक-एक नोझलचा नट अर्धा फेरा ढिला करा, लांब पाना, हात लांब, पाईपभोवती कापड. ज्या नटाला आवाज बदलतो तो सिलेंडर काम करतोय. ज्याला काहीच फरक पडत नाही, दोष तिथं. मग ते नोझल शेजारच्या सिलेंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंपाचं ते तोंड.

नोझल काढल्यावर खालचा तांब्याचा वायसर भोकातच राहतो. टॉर्च लावून बघा, काढा. दोन वायसर एकावर एक बसले की नोझलचं तोंड वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो. नोझलचं तोंड तारेच्या ब्रशनं किंवा पॉलिश पेपरनं घासू नका, दुकानातल्या नोझल तपासायच्या स्टँडवर तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा पाहिजे, पिचकारीसारखा नको, आणि दाबानंतर टोकाला थेंब लटकायला नको.

टप्पा ९: आता मेन पंप

मेन पंपापर्यंत स्वच्छ डिझेल भरपूर येतंय, हवा नाही, लिव्हर मोकळा आहे, नोझल स्टँडवर पास झालेत आणि तरी पाईपाच्या तोंडाला डिझेल येत नाही किंवा कमी येतं. हे सगळं खरं असेल तरच पंप उतरवा.

उतरवायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनच्या अंगावर एकाच रेघेत खूण आहे का बघा, नसेल तर छिन्नीनं बारीक मारून घ्या, बसवताना टायमिंग त्याच्यावरच येतं. प्रत्येक उघड्या तोंडाला लगेच टोपी किंवा स्वच्छ प्लास्टिक बांधा. पंपाचं सील तोडून जास्त ताकदीसाठी स्क्रू फिरवायचा मोह टाळा, काळा धूर आणि डिझेलचा खर्च तेवढा वाढतो.

दुकानात पंप ठेवून नुसतं बघा म्हणून येऊ नका. बाटलीतला डिझेलचा नमुना बरोबर न्या, पाणी निघालं होतं का, कोणतं लक्षण, लोडवर धुराचा रंग कोणता, काय काय बदललं, हे कागदावर लिहून द्या. टाकीत पाणी असताना नुसता पंप दुरुस्त केला तर नवीन रोटर पण त्याच पाण्यानं जाणार, कारण रोटरी पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं.

काम झाल्यावर

वीस मिनिटं चालवा, त्यातली दहा लोडवर. सगळे जोड कोरड्या कागदानं पुसून बघा. खरी तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर उभी राहून पहिल्या सेल्फला धरली तर काम पक्कं. दिवसभर चांगली आणि सकाळी मात्र पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, म्हणजे रात्रीत डिझेल मागं उतरतंय, टप्पा ४ आणि ७ परत करा.

हंगामात रोज रात्री टाकी भरून ठेवा आणि सकाळी चालू करायच्या आधी वाटीखालचा स्क्रू ढिला करून चमचाभर डिझेल काढा. बॅरलमध्ये डिझेल ठेवत असाल तर ओतल्यावर एक दिवस तसंच राहू द्या, आणि काढायची नळी तळापासून चार बोटं वर ठेवा. जस्ताचा मुलामा असलेले कॅन-बॅरल डिझेलला वापरू नका, जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचा चिकट साका फिल्टरात बसतो.